फान-मावशीने बसवलेलं भाषण

क्वाय चुंगच्या टेकाडावरच्या संत झीटा प्राथमिक शाळेत आजवर पाच मुख्याध्यापक बदलले, सात फादर बदलले, फान-मावशी काही बदलली नाही. मुलगा पहिलीत आला तेव्हा ती पालक-मदतनीस म्हणून शाळेत शिरली. मुलगा सहावी होऊन बाहेर पडला, शिकला, लग्न करून बायकोपोरांसह इंग्लंडात जाऊन राहिला, आणि ही अजून रोज सकाळी साडेसातला फाटकापाशी हजर. मदतनीस व्हायचं तर शाळेत स्वतःचं मूल हवं, असा नियम आहे. पण तो नियम तिला सांगायची कुणाची छाती नव्हती. आणि सांगितला असता तर दुपारचा भात वाढायला, नाताळच्या नाटकातल्या देवदूतांचे पंख शिवायला, दुसरीतलं पोर पडलं तर त्याचा गुडघा धुवायला कोण येणार होतं? नियम करणारे येणार होते का?

लुइ स्यूफान तिचं पूर्ण नाव. नवरा बंदरातून कंटेनर वाहायचा. नऊ वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून घर म्हणजे झोपायची जागा आणि संसार म्हणजे शाळेच्या जिन्याखालची मदतनिसांची खोली. त्या खोलीत एक शिवणयंत्र, भाताचा मोठा कुकर, मारियामातेची हात तुटलेली मूर्ती आणि आठ-दहा बायकांच्या गप्पा. नवऱ्यांची उणीदुणी, सासवांचे दुखरे पाय, कुणाचं पोर अजून अंथरूण ओलं करतं, सगळं तिथं निघायचं आणि तिथंच राहायचं.

पण फान-मावशीचं नाव टेकाडाखालपर्यंत गाजलं ते गुरुवारमुळे. दर गुरुवारी दुपारी ती बालवाडीतल्या पोरांना मुलाखतीचा सराव द्यायची, फुकट.

मुलाखतीचं म्हणाल तर आमच्याकडे जून उजाडला, सरकारी वाटपात पहिलीची शाळा लागली, की दुसऱ्या दिवसापासून आया पोरांना इस्त्रीचे कपडे घालून नावाजलेल्या शाळांची दारं ठोठावत फिरतात. एखादी जागा रिकामी असली आणि पोर मुलाखतीत चमकलं तर ते तिकडं जातं. यात कुणाला लाज वाटत नाही. न ठोठावणाऱ्या आईलाच लोक नावं ठेवतात. शाळेकडे पालकांची पावलं वळावीत म्हणून मागच्या मुख्याध्यापकांनी हा सराव सुरू केला आणि फाटकावर फलक लावला. पावलं वळली खरी. सराव घेतला, आणि पुढच्या दाराकडे गेली.

"बादलीला भोक पाडून आपणच पाणी भरतोय," मोकबाई म्हणायची. मोकबाई फानची पंधरा वर्षांची जोडीदारीण. तोंडाने फटकळ, पण भात करपू द्यायची नाही.

"मग काय पोरांच्या जिभा बांधून ठेवू?" फान म्हणायची. "आपल्या नशिबात असेल ते पोर राहील आपल्याकडे."

जिभेचं तिला फार होतं, आणि त्याला कारण होतं. ती सहा वर्षांची असताना आईने तिला याच शाळेच्या फाटकात आणून उभं केलं होतं. सिस्टरने वाकून विचारलं, बाळ, तुझं नाव काय? फानची जीभ टाळ्याला चिकटली. सिस्टरने तीनदा विचारलं, मग हसून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या पोराकडे वळली. फान वसाहतीच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शाळेत चार इयत्ता शिकली आणि बाराव्या वर्षी प्लास्टिकची फुलं करायच्या कारखान्यात बसली. कारखान्याच्या खिडकीतून संत झीटाचं अंगण दिसायचं. स्वतःचं नाव सांगता आलं नाही म्हणून जन्म कसा वळतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

म्हणून तिची रीत वेगळी होती. बाहेरचे शिकवणीवाले पोरांकडून पानभर भाषण घोकून घेतात. फान काहीच पाठ करून घ्यायची नाही. पोराला समोर बसवायची आणि विचारायची, आज सकाळी काय खाल्लंस? मग थांबायची. पोर खरं बोलेपर्यंत थांबायची. "आईने मारलं, मग पाव खाल्ला," असं एकदा एक पोर म्हणालं आणि त्याची आई लाजून लाल झाली. ते पोर हव्या त्या शाळेत गेलं. "पाठ केलेलं बोललं की संपलं," फान आयांना बजावायची. "मोठ्या शाळेतल्या बाया काय खुळ्या आहेत? त्यांना पोपट नकोत." डोंगरापलीकडच्या सगळ्यांत नावाजलेल्या शाळेत एक पांढऱ्या केसांची सिस्टर होती. पोर घोकलेलं बोलायला लागलं की ती मधेच हात वर करून थांबवायची आणि भलतंच काहीतरी विचारायची. पोपट तिथंच गळायचे. हे फानला माहीत होतं, आणि फानच्या पोरांनाही.

त्या वर्षी वाटपात संत झीटाला पहिलीसाठी एकोणीस पोरं आली. पहिलीचा वर्ग टिकायला सोळा लागतात. सप्टेंबरच्या मध्यावर खात्याची माणसं येतात, बाकांवरची डोकी मोजतात, आणि सोळाला एक जरी कमी भरलं तरी पहिली गेली. पहिली गेली की शाळेला घरघर लागली समजायची. पोरं मुळात जन्मतच नव्हती, जन्मलेली विमानात बसून निघून जात होती. जूनमध्ये दोन पोरं दार ठोठावून गेली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक. तिन्ही गुरुवारची.

सिउ मॅडम, नव्या मुख्याध्यापिका, जिन्याखाली आल्या आणि भाताच्या कुकरकडे बघत बोलल्या. "मावशी, मी तुम्हाला काही सांगावं एवढी मोठी नाही. पण आता बरोब्बर सोळा उरलेत. यंदाचे राहिलेले गुरुवार जरा... तुम्ही दमला असाल."

"मी कुठं दमलेय?" फान म्हणाली.

सिउ मॅडम गेल्यावर मोकबाई म्हणाली, "बाई रडकुंडीला आलीय. आणि तू म्हणे कुठं दमलेय."

संध्याकाळी फान रिकाम्या पहिलीच्या वर्गात जाऊन बसली. ही शाळा बंद झाली तर सकाळी उठून साडेसातला जायचं कुठं? मुलगा फोनवर म्हणायचा, आई, इकडे ये. तिकडे जाऊन काय करायचं होतं? नातवंडांचं इंग्रजी ऐकत सोफ्यावर बसायचं?

आणि नेमकी त्याच आठवड्यात ची-यूची आई आली.

ची-यूची आई चहा-नाश्त्याच्या हॉटेलात बशा उचलायची. सीमेपलीकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली. तिचे हेल ऐकून वसाहतीतल्या बायका तोंड फिरवून हसायच्या. दोन ईस्टरांपूर्वी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. मनापासून घेतला की कॅथलिक शाळेच्या प्रवेशात पाच गुण जास्त मिळतात म्हणून, ते देवाला ठाऊक. दोघींची धर्ममाता म्हणून वेदीपाशी उभी राहिली होती फानच.

"मावशी," ती धापा टाकत म्हणाली, "त्या शाळेतून फोन आला. डोंगरापलीकडच्या. दुसऱ्या मुलाखतीला बोलावलंय, पुढच्या शुक्रवारी. एकच जागा आहे म्हणे. तुम्ही आमच्या ची-यूला तयार कराल ना?"

सोळातली एक ची-यू होती.

फानने पोरीला समोर बसवलं आणि सवयीने विचारलं, "आज सकाळी काय खाल्लंस ग?"

"अंडं," ची-यू म्हणाली. "पण आजीकडची अंडी मोठी असतात. आजीकडे एक बदक आहे ना, ते पोस्टमनला चावलं. पँटला मागून धरलं, सोडेचना. पोस्टमन म्हणाला, पत्र घ्या आणि बदक परत घ्या. आजी म्हणाली, तुम्हीच दार न वाजवता आलात, ते बदक आमच्या घरातलं मोठं माणूस आहे." मग ती बदकासारखी मान लांब करून खोलीभर चालली, शिवणयंत्राला चावली, मोकबाईच्या ॲप्रनच्या गाठीला चावली. मोकबाईसारखी बाई हसून हसून खाली बसली.

पांढऱ्या केसांची सिस्टर हे बदक एकदा ऐकेल आणि जागा या पोरीची होईल, हे फानला तिथल्या तिथं कळलं. शाळेतल्या चोवीस वर्षांत असं पोर तिच्यापुढे बसलं नव्हतं. हिला काही शिकवायचं नव्हतंच. नुसतं जाऊ द्यायचं होतं.

"छान आहे," फान म्हणाली. "पण बदकाचं तिथं सांगायचं नाही हं."

ची-यूची आई लगेच म्हणाली, "तेच मी म्हणते. खेडवळ वाटतं. बाकीची पोरं म्हणे मोठ्ठं भाषण करतात. तुम्ही पाठ करून घेत नाही, म्हणून विचारायला संकोच वाटत होता."

"यावेळी घेऊ," फान म्हणाली.

तिने कुणाला खोटं सांगितलं नाही. आईने मागितलं तेच दिलं. मनाची अशी समजूत तिने त्याच दुपारी घातली, आणि ती समजूत पुढे आठ दिवस पुरली.

भाषण फानने स्वतः लिहिलं. कँटोनीजमध्ये सुरुवात, मध्ये मँडरिन, शेवटी इंग्रजी. "आदरणीय सिस्टर आणि बाई, सुप्रभात. माझं नाव पांग ची-यू. मी आज्ञाधारक, कष्टाळू आणि आनंदी मुलगी आहे." रोज दोन तास. पाय जुळवायचे, हात पोटावर, वाक्यावाक्याला श्वास. ची-यू मध्येच थांबून म्हणायची, "मावशी, बदकाला पण शाळेत..." की फान म्हणायची, "पहिल्यापासून." पोर चुकली, पहिल्यापासून. हसली, पहिल्यापासून. पाचव्या दिवशी ती चुकेनाशी झाली. सातव्या दिवशी ती बदकाचं नाव काढेनाशी झाली.

मोकबाई दारात उभी राहून बघत होती. "हे काय चालवलंयस?"

"आईला हवंय."

"आईला काय कळतंय? तुला कळतंय ना?"

"तू भात बघ," फान म्हणाली. पंधरा वर्षांत ती मोकबाईशी असं कधी बोलली नव्हती. मोकबाई भात बघायला गेली आणि नंतर तिने तो विषय काढला नाही. कारण सोळा हा आकडा तिलाही पाठ होता.

शुक्रवारी दुपारी ची-यूची आई एकटीच आली. हॉटेलातला ॲप्रन तसाच अंगावर होता.

"तोंडात दुसरं काही राहिलंच नाही हो मावशी तिच्या," ती म्हणाली. "सुरुवात किती सुरेख केली. मग त्या सिस्टरने हात वर केला आणि विचारलं, आज सकाळी काय खाल्लंस? साधं विचारलं हो. तर ही पुन्हा पहिल्यापासून, आदरणीय सिस्टर आणि बाई. सिस्टरने पुन्हा थांबवलं, ही पुन्हा पहिल्यापासून. तीनदा. बाकीची माणसं हसली. चौथ्यांदा तिने खुर्चीतच ओलं केलं आणि तशीच बोलत राहिली." ती पुसायला लागली, डोळे की हात, तिलाच कळत नव्हतं. "तुम्ही एवढी मेहनत घेतलीत. आमच्याच पोरीत कमी. आता ती इथंच, तुमच्यापाशी बरी."

फानने तिला गरम पाणी दिलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. सोळा राहिले, असा विचार मनात आला, आणि तो आला म्हणून तिला स्वतःची किळस आली. पण आला हे खरं.

शनिवारी ती पापकबुलीला गेली. फादरांना तिने सांगितलं की मी मोकबाईशी तुसडेपणाने वागले, दोन रविवार मिस्सेत माझं लक्ष नव्हतं, सुनेबद्दल मनात वाईट आणलं. फादरांनी तीन वेळा नमो मारिया म्हणायला सांगितलं. ती बाकावर बसून नऊ वेळा म्हणाली. राहिलेलं पाप गुडघ्यात घट्ट दाबून घरी घेऊन आली. त्यानंतर मिस्सेत ती ख्रिस्तशरीराचा प्रसाद घ्यायला रांगेत उभी राहिली नाही; न कबुललेलं पाप ठेवून तो घेता येत नाही. विचारलं तर म्हणायची, पोट बरं नाही.

एक सप्टेंबरला ची-यू नव्या गणवेशात फाटकापाशी आली. फान नेहमीसारखी पोरांना हात करत उभी होती. तिला पाहिलं मात्र, पोरीने पाय जुळवले, हात पोटावर घेतले आणि जागच्या जागी उलटी केली. दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या लिफ्टमध्ये केली. तिसऱ्या दिवशी गणवेश बघूनच. कुणी काही विचारलं, जेवतेस का, तहान लागली का, की ओठ हलायला लागायचे आणि आतून तेच यायचं, आदरणीय सिस्टर आणि बाई. डॉक्टर म्हणाले, काही दिवस शाळेचं नाव काढू नका. फान फाटक सोडून मागच्या जिन्याने यायला लागली. त्यानेही काही झालं नाही.

मोजणीच्या आदल्या दिवशी ची-यूच्या आईने शाळेला कळवलं: पोरीला आजीकडे ठेवतो, नाव काढून टाका. सिउ मॅडम कार्यालयाचं दार लावून बसल्या. जिन्याखाली सगळ्या बायका जमल्या.

"एक दिवस," फान म्हणाली. "उद्याचा एकच दिवस. दहा वाजेपर्यंत बाकावर बसली तरी पुरे. मी आणते तिला. माझं ऐकतील त्या."

"फान," मोकबाई म्हणाली, "राहू दे."

ती राहू देणारी नव्हती. सकाळी आठला ती एकविसाव्या मजल्यावर पोचली. दार ची-यूच्या आईने उघडलं. आत दोन पिशव्या बांधून ठेवलेल्या. ची-यू खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. खाली बंदरातल्या क्रेन हलत होत्या. ती तिकडे बघत नव्हती, कुठंच बघत नव्हती.

"बरं झालं आलात," आई म्हणाली. "तुम्हाला भेटल्याशिवाय कसं जाणार होतो? अकराची बस आहे." तिने लिचीसारख्या सुक्या लाँगनचा पुडा फानच्या हातात कोंबला. "आजीने पाठवलेत. तुमच्यासाठीच ठेवले होते."

फान एका पोरीला दोन तासांसाठी मागायला आली होती. वाक्य लिफ्टमध्ये जुळवून ठेवलं होतं. ते तोंडातून आलं नाही. त्याऐवजी ती म्हणाली, "ची-यूची आई, पोरीचं काही चुकलं नाही. ते भाषण मी... मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तिथं चालणार नाही ते. माहीत होतं मला."

ची-यूच्या आईने तिचा हात धरला. "असं काय लावून घेता? तुम्हाला कसं माहीत असणार? चांगलंच व्हावं म्हणून केलंत. धर्ममाता आहात तिच्या."

बोलून टाकलेलं पाप समोरच्या माणसाने घेतलंच नाही, तर ते ठेवायचं कुठं? फान पुडा हातात घेऊन उभी राहिली. खिशातला फोन वाजला. मोकबाई.

"ते लोक आलेत," मोकबाई हळू आवाजात म्हणाली. "वर्गात उभे आहेत. सिउ मॅडम त्यांना चहा घ्या म्हणतायत, ते नको म्हणतायत. येतेस का?"

"नाही," फान म्हणाली.

"पोरीला घेऊन, दहापर्यंत तरी..."

"नाही, मोकबाई."

"पंधरा मग," मोकबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

फान स्टुलापाशी गेली आणि खाली बसली, पोरीच्या डोळ्यांच्या उंचीला, जशी दर गुरुवारी बसायची तशी. गुडघे कडकडले.

"ची-यू," ती म्हणाली, "आजीचं बदक कसं आहे ग?"

पोरीने तिच्याकडे पाहिलं. क्षणभर काहीतरी हललं, कपाळापाशी, मान लांब होते की काय असं. मग ती स्टुलावरून उतरली. पाय जुळवले. हात पोटावर घेतले.

"आदरणीय सिस्टर आणि बाई, सुप्रभात. माझं नाव पांग ची-यू."

फानने तिला थांबवलं नाही. कँटोनीज संपलं, मँडरिन संपलं, इंग्रजी आलं. वाक्यावाक्याला श्वास, फानने शिकवला तसा. कुठं अडखळणं नाही, कुठं हसणं नाही. आई दाराशी उभी राहून ऐकत होती, ओठांनी सोबत म्हणत होती.

"बघा मावशी," ती कौतुकाने म्हणाली, "अजून एक शब्द चुकत नाही."

ची-यूने भाषण शेवटापर्यंत नेलं, कमरेत वाकून नमस्कार केला, आणि कुणी काही म्हणत नाही असं पाहून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.